हाडांना वेळ द्या: सैनिकी प्रशिक्षणाला जाण्याआधीचे बारा आठवडे

माझ्या उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर, एक जागा आहे. आजही अंगठ्याने चाचपली की हाडावर बारीकसा उंचवटा लागतो. प्रशिक्षणाच्या पाचव्या आठवड्यात तिथे हाडाला तडा गेला होता. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तुकडीत सगळ्यात वेगाने पळणाऱ्या चौघांपैकी एक होतो. रुजू होण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात मी रोज, एकही दिवस न सोडता, डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर पळालो होतो. त्याआधीचे पाच महिने मात्र जवळपास काहीच केलं नव्हतं. दम उत्तम होता, हाड तयार नव्हतं. तुकडी पुढे गेली, मी दहा आठवडे मागे राहिलो आणि दुसऱ्या तुकडीबरोबर उरलेलं प्रशिक्षण पूर्ण केलं.

पुढे मी शारीरिक प्रशिक्षणाचा उस्ताद झालो. अकरा वर्षं नवे रिक्रूट मैदानावर माझ्यासमोर उभे राहिले. त्या काळात निव्वळ दम कमी पडला म्हणून घरी परतलेलं पोर मला क्वचितच दिसलं. नडगी, पाऊल, गुडघा, अपुरी झोप आणि घरची ओढ यांनी मात्र प्रत्येक तुकडीतून कोणाला ना कोणाला गळताना पाहिलं. म्हणून तयारी कशी करू, असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो: हातात किती आठवडे आहेत? किती वेगाने पळता, ते नंतर सांगा.

बारा आठवडे असतील तर उत्तम. आठ असतील तरी बरंच काही होतं. चारच उरले असतील तर कृपा करून नवीन काही सुरू करू नका. आहे तेवढं टिकवा, भरपूर चाला, झोप सुधारा आणि पाय जपा.

हाड उशिरा शिकतं

नियमित व्यायामाने हृदय आणि फुप्फुसं चार ते सहा आठवड्यांत बऱ्यापैकी सुधारतात. स्नायूंनाही तेवढ्यात जोर येतो. हाडाचं काम वेगळ्या रीतीने चालतं. नेहमीपेक्षा जास्त भार पडू लागला की शरीर त्या जागचं जुनं हाड आधी खरवडून काढतं. त्याला तीन-चार आठवडे लागतात. मग त्या जागी नवं हाड भरत जातं आणि त्याला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमका त्याच काळात दम वाढलेला असतो, वेळ सुधारलेली असते, अंगात हुरूप असतो. माझं तेच झालं. घरून कच्चं होत आलेलं हाड घेऊन मी कवायतीच्या मैदानावर पोचलो.

हे दुखणं जुनं आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी सर्जनने लांब कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. नेमकं काय बिघडतंय ते त्याला पाहता येणं शक्य नव्हतं, कारण क्ष-किरणांचा शोधच १८९५ साली लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, अशा पावलांच्या क्ष-किरण चित्रांत बोटांमागच्या लांब हाडांना गेलेले तडे दिसले. आज आपण याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. पडून किंवा आपटून होणारं हे मोडणं नाही, हजारो सारख्या पावलांनी होणारं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. आज बिलकूल पळत नसाल तर पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं भरभर चाला. त्यातल्या तीन दिवशी चालण्यात पळणं मिसळा: एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं. दर आठवड्याला पळण्याचा तुकडा थोडा लांबवत न्या. चौथ्या आठवड्याच्या शेवटी वीस मिनिटं न थांबता पळता आलं की पुरे. वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. हे फार संथ वाटेल, लाजही वाटेल. तरी तसंच पळा. या दिवसांत आपण हाडं आणि स्नायुबंध घडवत असतो, आणि त्यांना वेग कळत नाही, सवय कळते.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात तीन दिवस पळा: दोनदा पंचवीस मिनिटं, एकदा चाळीस. शक्य असेल तिथे मातीवर पळा. एखाद्या दिवशी चढ घ्या, कारण चढावर दम लागतो पण पायावरचा आदळ कमी असतो. उतरताना चालत या. नवव्या ते अकराव्या आठवड्यात वेग आणा. आठवड्यातून एकदाच, ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालून श्वास सावरायचा. पळण्याच्या दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बऱ्यापैकी जोरात, आणि तिसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं निवांत. बाराव्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. हा शेवटचा आठवडा जवळजवळ सगळे वाया घालवतात. 'आता थोडेच दिवस राहिले' म्हणून जोर वाढवतात. तुम्ही तो झोपेत घालवलात तरी तुमचं काही बिघडणार नाही.

आधीपासून पळत असाल तर पाचव्या आठवड्यापासून सुरुवात करा. मात्र आज जेवढं अंतर पळता त्यापेक्षा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त पळू नका.

याच्या जोडीला उड्या मारा. हाड सतत चालणाऱ्या सारख्या धक्क्यांना लवकर सरावतं आणि मग फारसा प्रतिसाद देत नाही. थोडे, पण जोरकस आणि वेगवेगळ्या दिशांचे धक्के त्याला जास्त उपयोगी पडतात. आठवड्यातून तीनदा, पळण्याच्या वेळेपासून काही तास दूर, चाळीस-पन्नास उड्या पुरतात: काही जागच्या जागी, काही पुढे, काही डावी-उजवीकडे. दोरीवरच्या उड्याही चालतील.

प्रगती मोजायची असेल तर बारा मिनिटांची चाचणी घ्या. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने ती १९६८ मध्ये मांडली आणि अजून तिच्याइतकी सोपी चाचणी मला माहीत नाही. मोजलेल्या मैदानावर बारा मिनिटांत किती अंतर कापता, एवढंच पाहायचं. चौथ्या, आठव्या आणि अकराव्या आठवड्याच्या शेवटी ती घ्या. रोज स्वतःची परीक्षा घेणारी मुलं मैदानावर सगळ्यात आधी जखमी होताना मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मला मान्य करायला बरीच वर्षं लागली. आम्ही पळण्याआधी रिक्रूटांना दहा मिनिटं स्नायू ताणायला लावायचो आणि त्यामुळे दुखापती टळतात असं मनापासून मानायचो. ऑस्ट्रेलियन सैन्यात १,५३८ रिक्रूटांवर केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की व्यायामाआधी ताणल्याने पायाच्या दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडत नाही. दुखापत कोणाला होणार याचा अंदाज येत होता तो रुजू होतानाच्या दमसासावरून. म्हणून ताणण्याची दहा मिनिटं मी आता चालण्याला आणि हळू पळण्याला देतो. संध्याकाळी अंग मोकळं करायला ताणलं तर हरकत नाही, बरं वाटतं.

कोणतं दुखणं खरं

हा भाग नीट वाचा, कारण माझे दहा आठवडे यातच गेले.

स्नायू दुखतो तेव्हा दुखणं पसरलेलं असतं. हाताचा पंजा ठेवून 'इथे दुखतं' असं दाखवता येतं. हालचाल सुरू केली की ते सैल होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. तेवढ्याच जागी दाबलं की कळ येते. पळताना ते कमी होत नाही, उलट वाढत जातं. पुढे पुढे चालतानाही जाणवतं आणि मग रात्री अंथरुणात ठणकतं. त्या पायावर एकदाच हलकी उडी मारून पाहा. त्या बोटभर जागी कळ उठली तर त्याच दिवशी पळणं बंद करा आणि डॉक्टरकडे जा. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे साफ आहे' ऐकून पुन्हा पळायला लागू नका. मांडीचा सांधा किंवा जांघ खोलवर दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. तिथला तडा सरकला तर शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते.

प्रशिक्षणातही हे लपवू नका. मी आठ दिवस लपवलं. उस्तादांना सांगितलं तर भित्रा ठरेन असं वाटत होतं. पुढे मी स्वतः उस्ताद झाल्यावर दुखणं सांगणाऱ्याला कधी भित्रा मानलं नाही. जो लंगडत लंगडत 'काही नाही सर' म्हणायचा, त्याची मला काळजी वाटायची.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. उंच मुलांच्या पावलाशी पाऊल जुळवायला गेलं की ढांग लांबते आणि ओटीपोटाच्या हाडावर ताण येतो. ऑस्ट्रेलियन सैन्याने कूचाचा वेग ताशी ७.५ किलोमीटरवरून ५ वर आणला, प्रत्येकीला आपल्या सोयीची ढांग टाकू दिली आणि प्रशिक्षणात आणखी काही बदल केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मुलींमधल्या या हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण ११ टक्क्यांहून थेट १ टक्क्याच्या खाली आलं. तुकडीचा वेग तुमच्या हातात नसतो, पण घरी सराव करताना ढांग न लांबवता पावलं जलद टाकायची सवय लावता येते. रुजू होण्याआधी रक्त तपासून लोहाची पातळी बघून घ्या. कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ड यांच्याकडेही लक्ष द्या. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांहून अधिक महिला रिक्रूटांवर झालेल्या, २००८ मधल्या अभ्यासात ही दोन्ही नियमित घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळली. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि पाळी दोन-तीन महिने थांबली असेल तर ती 'मेहनतीमुळे' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला अन्न कमी पडतंय आणि हाडं कमजोर होताहेत, याची ती खूण असू शकते.

जोर

जास्तीत जास्त किती दंड मारता येतात ते एकदा मोजा. समजा वीस. मग रोज दमछाक होईपर्यंत वीस मारत बसू नका. दहा मारा, पण दिवसातून पाच वेळा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत विखरून, आठवड्यातून चार दिवस. छाती जमिनीपासून मुठीच्या अंतरावर आली पाहिजे आणि कोपर पूर्ण सरळ झालं पाहिजे. अर्धे दंड आम्ही मोजत नसू, आणि घरी साठ मारणारा मैदानावर बावीसवर थांबायचा तो याच कारणाने. दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि अर्धा आकडा नव्याने काढा.

पुल-अप एकही येत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर आणा आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. असे पाच, आठवड्यातून तीनदा. दोन महिन्यांत पहिला पुल-अप बहुतेकांना जमतो.

थोडा थोडा भार वाढवत नेण्याची रीत पक्की झाली ती सैनिकांवरच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करायला टप्प्याटप्प्याने वजन वाढवायची पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. बैठका, एका पायावरच्या बैठका, पायरीवर उभं राहून टाचा उचलणं, कोपरांवर आडवं ताठ राहणं, यांना तीच रीत लावा. टाचा उचलणं कंटाळवाणं आहे म्हणून सगळे सोडतात. मी सांगेन, बाकी काही चुकलं तर चुकू दे, हे चुकवू नका. पोटरी दमली की पावलाचा सगळा धक्का नडगीच्या हाडाला सोसावा लागतो.

फार दिवसांनी एकदम शेकड्याने बैठका मारल्या आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, तर त्याला अंगदुखी समजू नका. स्नायू फुटून त्यातला मळ मूत्रपिंडात अडकत असतो. तडक रुग्णालय गाठा.

पाठीवरचं ओझं, पायातले बूट

पिट्टू, म्हणजे पाठीवरची सैनिकी पिशवी, घेऊन पळू नका. घरच्या तयारीत तर कधीच नाही. सहाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा पाच-सहा किलो वजन पाठीवर घेऊन चाला, तासभर. दोन आठवड्यांनी दोन किलो वाढवा. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवायचं नाही. वजन पाठीच्या वरच्या भागाशी घट्ट राहायला हवं. खाली लोंबतं तेव्हा माणूस पुढे वाकून चालतो आणि कंबर जाते.

अनेक सैन्यांत कूचाची चाल मिनिटाला १२० पावलं आणि प्रत्येक पाऊल ३० इंच अशी असते. म्हणजे ताशी साधारण साडेपाच किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याच ठेक्यावर दोन तास चालून बघा.

कोणते बूट मिळणार ते माहीत असेल तर तसे आधीच वापरून मऊ करा. नसेल माहीत, तर निदान टाच बंद असलेले जाड बूट घालून चाला. पळायचे बूट निवडताना तळव्याच्या कमानीची मापं आणि तंत्रं फार मनावर घेऊ नका. अमेरिकी सैन्यदलांनी रिक्रूटांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट वाटून पाहिले, पण दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायात आरामदायक वाटतो तो बूट तुमचा. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा मोजे घालून बूट घेऊन बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे.

फोड ओल्या पायाला येतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात. घाम बाहेर टाकणारे मोजे घ्या आणि त्यांच्या आत पातळ मोज्यांचा एक थर घालून बघा, बऱ्याच जणांना त्याने आराम पडतो. चालताना एखादी जागा गरम वाटायला लागली की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावा. तो फोडाचा पहिला निरोप असतो आणि त्यानंतर फार तर अर्धा तास हातात असतो. नखं सरळ कापा, कोपरे खोलवर कोरू नका. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. आमच्या बॅरकमध्ये रात्री पाय कोरडे न करता झोपणारा कोण, हे तिसऱ्या आठवड्यात त्याच्या चालीवरून ओळखू यायचं.

ऊन आणि पाणी

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रुजू व्हायच्या जागी उकाडा असेल तर शेवटचे दोन आठवडे रोज तासभर उन्हाच्या वेळी हलका व्यायाम करा. हलकाच. एकट्याने नको. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन रिक्रूट दक्षिण कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंडच्या तळावर उष्माघाताने पडत होते. त्यातूनच तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक तयार झाला, आणि आजही अनेक सैन्यं तो पाहून मैदान बंद करतात. साधा थर्मामीटर दमट दिवसाचा धोका सांगत नाही. सोबतचा मुलगा उन्हात असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला बसवून समजावत बसू नका. सावलीत न्या, कपडे काढा, सर्वांगावर थंड पाणी ओता, माणूस पाठवून डॉक्टर बोलवा, आणि तोवर पाणी ओतणं थांबवू नका.

पाणी जास्त पिऊनही माणूस मरू शकतो, हे मुलांना पटत नाही. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, झटके येतात. अशा घटनांनंतर अमेरिकी सैन्याने १९९८ मध्ये नियम बदलले आणि तासाला सुमारे १.४ लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायचं नाही अशी मर्यादा घातली. तहान लागेल तसं प्या, जेवण टाळू नका, लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

खाण्याबद्दल थोडंच सांगतो. वजन झटपट उतरवायला उपाशी राहू नका, आणि ताकदीच्या पावडरी, चरबी जाळणाऱ्या गोळ्या घेऊ नका. पोट भरून, वेळेवर, दहा मिनिटांत जेवायची सवय लावा.

झोप, तंबाखू, चहा

प्रशिक्षणात पहाटे उठायचंच आहे. घरी सहा आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी उठण्याची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. उठल्याबरोबर उजेडात जा. झोपायची वेळ आपोआप अलीकडे सरकते, तिच्या मागे लागावं लागत नाही.

तंबाखू, सिगारेट आजच सोडा, निघायच्या दिवशी नको. सोडल्यावरची चिडचिड आणि अस्वस्थता पहिल्या आठवड्यात सगळ्यात तीव्र असते आणि दोन ते चार आठवडे रेंगाळते. प्रशिक्षणाचा पहिला आठवडा त्यात घालवू नका. चहा-कॉफी अचानक तुटली की एका दिवसाच्या आत डोकं ठणकायला लागतं आणि कधी कधी आठवडाभर ठणकतं. म्हणून ती आधीच दिवसाला एक कपावर आणून ठेवा.

किडलेला दात असेल तर आता काढून किंवा भरून घ्या. चष्मा असेल तर दोन करून न्या.

मनाची तयारी

मी मैदानावर ओरडायचो. का ओरडायचो ते सांगतो, म्हणजे ते अंगाला लावून घेणार नाही. आवाज, धूळ, दम लागलेला, मागे कोणी पडलंय, अशा वेळी या पोराला माझा हुकूम पूर्ण ऐकू येतो का, एवढंच मी पाहत असे. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. पाच गोष्टी सांगितल्या तर पहिली आणि शेवटची राहते, मधल्या तीन गळतात. ती क्षमता सरावाने वाढते आणि तिचा सराव घरी होतो. कोणाला तरी पाच पायऱ्यांची सूचना कागदावर लिहायला सांगा. तुम्ही दोनशे मीटर जोरात पळून या. धापा टाकत असतानाच त्याने ती सूचना एकदाच, भरभर वाचायची. तुम्ही मनात एकदा म्हणायची आणि करायची. पुन्हा विचारायचं नाही. पहिल्यांदा दोन पायऱ्या चुकतील. पंधरा दिवसांत सहज पाचही जमतात.

दुसरा सराव कपड्यांचा. रात्री झोपताना मोजे, बूट, पट्टा, टोपी एकाच क्रमाने, एकाच जागी. सकाळी गजर झाल्यापासून दारात तयार उभं राहायला किती मिनिटं लागतात ते मोजा. चार मिनिटांवर या. अंथरूण घडी करण्यासह सहा. पहिल्या महिन्यात निम्म्या शिक्षा उशीर झाल्याच्याच असतात.

तिसरा सराव जास्त अवघड आहे. पंधरा दिवस असे काढा की कोणी चूक दाखवली तर फक्त 'चूक झाली, सुधारतो' म्हणायचं. कारण सांगायचं नाही, ते खरं असलं तरी. आपल्या गटात सगळ्यात तगडा, सगळ्यात हुशार म्हणून वाढलेल्यांना हे फार जड जातं. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळतं की इथे आपण मधल्या फळीतले आहोत, आणि ते मोडतात. सामान्य ठरण्याची तयारी ठेवून आलेला माणूस टिकतो.

चूक एकाची आणि दंड सगळ्यांना, हेही होणार. राग येईल. त्या वेळी रागाने मागे वळून पाहण्यापेक्षा त्या एकाला रात्री बूट बांधायला मदत केलेली तुकडी लवकर सुटते.

घाबरल्यावर श्वास कसा घ्यायचा हे शिकून ठेवा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, आठ-दहा वेळा. रोज झोपताना करा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो आठवावा लागणार नाही. आणि लांब पळताना शेवटच्या दहा मिनिटांत स्वतःशी काय बोलता ते ऐका. 'संपलं, आता नाही जमत' असं येत असेल तर त्या जागी एक लहान, खरं वाक्य ठेवा. माझं 'पुढच्या खांबापर्यंत' असं होतं. खांब आला की पुढचा.

एकदा तिसऱ्या रात्री मी बॅरकमधून फेरी मारत होतो. एक पोरगा बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता. म्हणाला, सर, मी सकाळी जातो. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला नाही. नाश्ता करून जा, म्हटलं. नाश्त्यानंतर तो मैदानात उभा होता. दुपारी मी विचारलं, तर म्हणाला, जेवून ठरवतो. असं त्याने नऊ दिवस ठरवलं. नंतर विचारायची गरज पडली नाही. संपूर्ण प्रशिक्षणाचा विचार एकदम केला तर कोणाच्याही छातीत धस्स होतं. जेवणापासून जेवणापर्यंतचा वेळ मात्र कोणीही काढू शकतो.

तुम्ही का जात आहात, ते दोन ओळींत लिहून ठेवा. कोणाला दाखवायचं नाही. 'वडिलांची इच्छा आहे' किंवा 'मित्र गेला' एवढंच लिहिता आलं तर निघण्याआधी स्वतःशी थोडं अधिक बोला. ती कारणं वाईट नाहीत, पण तिसऱ्या आठवड्यातल्या पावसात ती फार लवकर भिजतात.

घरचं काम अर्धवट ठेवून येऊ नका. कोणाचं आजारपण असेल, उसनवारी असेल, कोणाशी अबोला असेल, तर त्याची सोय लावा, बोलून मोकळे व्हा. घरच्यांशी आधीच ठरवा की फोन अनेक दिवस लागणार नाही, आणि वाईट बातमी असेल तर ती कोण आणि कशी कळवेल. हे ठरलेलं नसलं की प्रत्येक शांत दिवस मनाला खातो. आठवड्यातून एक पूर्ण दिवस फोन बंद ठेवून बघा. सवय दोन्ही बाजूंना होते.

आणि मन फारच काळवंडलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ते प्रशिक्षणाचा भाग समजून गिळू नका. उस्तादांना, डॉक्टरांना किंवा शेजारच्या खाटेवरच्याला त्याच दिवशी सांगा. नडगीच्या तड्यासारखंच ते लवकर सांगायचं दुखणं आहे. माझ्याकडे असे तिघे आले होते. तिघांनाही मी स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेलो, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच वाढला.

शेवटचे दोन दिवस

पळू नका. चाला. नखं कापा, पण निघण्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे चुकून लागलं तर भरून येईल. कागदपत्रांच्या दोन प्रती करा, एक घरी ठेवा. मोजे मोजून घ्या. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने थोडं बोला, घोळक्यात बोलणं होत नाही.

पहिल्या रात्री बॅरकमध्ये झोप लागणार नाही. कोणालाच लागत नाही. दिवे जाण्याआधी डावीकडच्या आणि उजवीकडच्या खाटेवरच्याचं नाव विचारा, तुमचं सांगा. पाय कोरडे करा, सकाळचे मोजे बुटांवर ठेवा आणि आडवे व्हा.